बिनतिकिटाचा तान्हा प्रवासी

रेल्वेच्या नियमानुसार पाच वर्षांखालील मुलाला तिकीट लागत नाही. एस.टी.च्या गाडीतही लागत नाही. ही सवलत जुनी आणि न्याय्य असून तिच्याविषयी तक्रार करण्याचे कोणास कारण नाही. तथापि तिचा एक परिणाम सहसा ध्यानात येत नाही. कोणत्या मार्गावर किती गाड्या सोडाव्यात, कोणत्या स्थानकावर किती खिडक्या उघडाव्यात, याचे हिशेब प्रामुख्याने तिकिटांच्या आणि पासांच्या आधारे मांडले जातात. तिकीट न काढणारा प्रवासी या हिशेबात शिरत नाही. मुंबईच्या उपनगरी गाड्यांतून दररोज सुमारे सत्तर लाख प्रवासी ये-जा करतात असे सांगितले जाते. या सत्तर लाखांत मांडीवरचे किंवा कडेवरचे मूल धरलेले नसते. आणि ज्या आईच्या हाती ते मूल असते, तीदेखील कागदावर मोकळ्या हातांची एक प्रौढ प्रवासी म्हणूनच उमटते.

प्रत्यक्षात तिचे हात मोकळे नसतात. जन्मानंतरचे पहिले तीन-चार महिने बाळाची मान धरलेली नसते, त्यामुळे एक हात सतत मानेखाली ठेवावा लागतो. उरलेल्या एका हाताने तिला दाराचा दांडा पकडावयाचा असतो, पिशवी सांभाळावयाची असते, तिकीट काढावयाचे असते आणि पदरही सावरावयाचा असतो. गाडीची पायरी, बसमधील दांडी, पुलाचा जिना, तिकीटखिडकीपुढील रांग या सर्वांची रचना दोन्ही हात मोकळे असलेल्या माणसाच्या मापाने झालेली आहे. तान्ह्या बाळासह शहरात कराव्या लागणाऱ्या प्रवासाच्या बहुतेक अडचणींचे मूळ येथे आहे. त्यांपैकी काही दूर करण्यास मोठा खर्च लागेल हे खरे. परंतु पुष्कळशा अशा आहेत की ज्यांना खर्चापेक्षा थोडा विचारच अधिक लागेल.

हौस नव्हे, निकड

“इतक्या लहान बाळाला घेऊन बाहेर पडावेच कशाला?” असा प्रश्न गर्दीत हमखास ऐकू येतो. प्रश्नामागे काळजी असते आणि परंपराही असते. बाळंतिणीने सव्वा महिना घराबाहेर पडू नये हा संकेत महाराष्ट्रात सर्वत्र रूढ आहे, आणि आई व मूल या दोघांच्याही प्रकृतीच्या दृष्टीने त्यात शहाणपण आहे. मात्र सव्वा महिना सरतो न सरतो तोच लसीकरणाच्या तारखा येऊ लागतात. जन्मतःच द्यावयाच्या लसींनंतर दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांनी बाळाला केंद्रावर न्यावे लागते. पुढे नऊ महिने पूर्ण होताच गोवर-रुबेलाची लस असते. या लसी घराजवळच्या आरोग्य केंद्रात मिळतात, त्यामुळे त्यांच्यासाठी गाडीत बसण्याची वेळ बहुधा येऊ नये. खरी अडचण आहे ती ज्या बाळांना मोठ्या रुग्णालयात पुनःपुन्हा जावे लागते त्यांची.

यासाठी दोन उदाहरणे पुरेशी आहेत. चौतीस आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा जन्मतः २००० ग्रॅमहून कमी वजन असलेल्या बाळांच्या डोळ्यांतील दृष्टिपटलाची वाढ अपुरी राहिलेली असते. तेथील रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढल्या तर दृष्टिपटल जागेवरून सुटण्याचा धोका असतो. बाहेरून पाहता डोळे अगदी चांगले दिसतात. आईला किंवा आजीला काहीही जाणवत नाही. म्हणून अशा बाळाची तपासणी जन्मानंतर ३० दिवसांच्या आत नेत्रतज्ज्ञाकडून झाली पाहिजे, आणि दोष आढळल्यास दर आठवड्याला किंवा पंधरवड्याला ती पुन्हा व्हावयास हवी. वेळीच लेसर उपचार झाले तर दृष्टी वाचू शकते. मुदत टळली तर येणारे अंधत्व आयुष्यभराचे असते. ही मुदत सव्वा महिन्याच्या आतच येते, हे विशेष लक्षात घेण्यासारखे आहे.

दुसरे उदाहरण जन्मतः पाऊल आत वळलेल्या बाळाचे. पॉन्सेटी पद्धतीने या दोषावर शस्त्रक्रियेचा मोठा व्याप न करता उपचार होतात. परंतु त्यासाठी पाच-सहा आठवडे दर आठवड्याला प्लास्टर बदलावे लागते. मांडीपासून पावलापर्यंत प्लास्टर असलेले दोन महिन्यांचे मूल हे कडेवर नीट बसत नाही आणि खांद्यावरही नीट राहत नाही. त्याला घेऊन गर्दीच्या गाडीत उभे राहणे म्हणजे काय, याची कल्पना करणे अवघड नाही.

तपासणीची तारीख चुकली की त्यामागे पालकांचे अज्ञान असावे, असे मानण्याकडे आरोग्य यंत्रणेचा कल असतो. अज्ञान असतेही. परंतु तारीख, रुग्णालय आणि धोका हे सर्व ठाऊक असलेली आईदेखील सकाळी आठच्या गाडीत बाळासह चढता न आल्याने फलाटावरूनच घरी परतू शकते. केसपेपरवर हे कारण लिहिले जात नाही. तेथे ‘गैरहजर’ एवढीच नोंद राहते.

परळची वाट

मुंबईत या प्रश्नाचे स्वरूप परळ भागात सर्वांत स्पष्ट दिसते. के.ई.एम. रुग्णालय आणि नवरोसजी वाडिया प्रसूतिगृह ही १९२६ साली, तर बाई जेरबाई वाडिया बाल रुग्णालय १९२९ साली या परिसरात सुरू झाले. त्या काळी सभोवती गिरण्या होत्या आणि गिरणी कामगारांची वस्ती रुग्णालयापासून चालत जाण्याच्या अंतरावर होती. आज तेथे येणारी बाळे ठाणे, कल्याण, कसारा, वसई, विरार, पालघर अशा लांबच्या ठिकाणांहून येतात. उपनगरात रिक्षा मिळते, परंतु रिक्षांना माहीम आणि शीव यांच्या पुढे, म्हणजे मूळ शहरात, येण्यास परवानगी नाही. टॅक्सीचे भाडे अनेकांना परवडत नाही. उरते ती लोकल गाडी.

मोठ्या रुग्णालयांतील बाह्यरुग्ण विभाग सामान्यतः सकाळी चालतात. केसपेपर काढण्यासाठी त्याहूनही आधी पोहोचावे लागते. म्हणजे ज्या वेळी शहरातील कामकरी माणूस कचेरीकडे निघतो, नेमक्या त्याच वेळी आणि त्याच दिशेने बाळंतिणीने निघावे, अशी ही व्यवस्था आहे. गर्दीच्या वेळी या गाड्यांत उभ्या प्रवाशांची दाटी चौरस मीटरमागे चौदा ते सोळा माणसांपर्यंत जाते. २९ सप्टेंबर २०१७ रोजी तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाला परळशी जोडणाऱ्या पादचारी पुलावर सकाळच्या गर्दीत चेंगराचेंगरी होऊन २३ जणांचे प्राण गेले. पुढे तेथे सैन्यदलाच्या साहाय्याने नवा पूल उभा राहिला. त्या दुर्घटनेची चर्चा पुलाच्या रुंदीसंबंधी झाली आणि ती योग्यच होती. रुग्णालयांच्या वेळेसंबंधी मात्र फारशी झाली नाही.

अर्भकांच्या फेरतपासणीसाठी आठवड्यातून एक-दोन दिवस दुपारी बारानंतरची वेळ राखून ठेवली तर अकराच्या सुमारास निघणाऱ्या गाडीत बसावयास जागा मिळते, आणि चारच्या आत परतीचा प्रवास सुरू होऊ शकतो. यासाठी नवी इमारत लागत नाही, नवे पद निर्माण करावे लागत नाही. डॉक्टरांच्या कामाची पाळी आणि केसपेपरच्या खिडकीची वेळ यांचा मेळ तेवढा घालावा लागतो. तोही सोपा नाही हे मान्य करून असे म्हणता येईल की, तो रुंद पुलापेक्षा सोपा आहे. परतीच्या बाबतीत एक सोय आधीच झाली आहे: ३ मार्च २०१९ पासून मध्य रेल्वेच्या काही धीम्या गाड्या परळ स्थानकातूनच सुटतात. रिकामी गाडी फलाटावर लागत असल्याने त्यांत बाळासह शांतपणे चढता येते. ही माहिती रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात वेळापत्रकासह लावून ठेवली तर तिचा उपयोग होईल.

महिलांचा डबा आणि बाळाचा बाप

स्त्रियांसाठी वेगळा डबा ही सोय भारतीय रेल्वेच्या कायद्यात फार पूर्वीपासून आहे. १८९० च्या कायद्याने प्रत्येक प्रवासी गाडीत सर्वांत खालच्या वर्गाचा निदान एक कप्पा केवळ स्त्रियांसाठी राखून ठेवणे बंधनकारक केले होते. १९८९ च्या कायद्यातही, कलम ५८ अन्वये, ही तरतूद कायम राहिली. ५ मे १९९२ रोजी चर्चगेट आणि बोरिवलीदरम्यान केवळ महिलांसाठी संपूर्ण गाडी सुरू झाली. या तरतुदींचा लाभ तान्ह्या बाळाच्या आईला मिळतो तो स्त्री म्हणून. आई म्हणून तिच्यासाठी वेगळे काही नाही. दिव्यांगांसाठी असलेल्या डब्यात कर्करुग्णांप्रमाणे गर्भवती स्त्रियांनाही प्रवास करता येतो. प्रसूती झाली की ही मुभा संपते. पोटातील बाळासाठी जी जागा होती, ती हातातील बाळासाठी राहत नाही. नियम करताना हे कोणी हेतुपुरस्सर केले असेल असे नाही. प्रसूतीनंतरचा विचार करावयाचा राहून गेला असावा.

आणि बाळ बापाच्या हाती असेल तर? प्रसूतीनंतर आई आजारी असते, दुसरे मूल सांभाळत असते किंवा कामावर असते. अशा वेळी बापाला अथवा आजोबाला बाळाला घेऊन निघावे लागते. त्यांना महिलांच्या डब्यात प्रवेश नाही आणि तो नसावा हेच रास्त आहे. सर्वसाधारण डब्यात कोणी उठून जागा दिली तर दिली. मुले सांभाळणे हे आता केवळ स्त्रियांचे काम राहिलेले नाही, असे शासकीय प्रचारसाहित्यातून वारंवार सांगितले जाते. गाडीतील आसनांच्या मांडणीपर्यंत ते पोहोचलेले नाही. सर्वसाधारण डब्यात दाराजवळची दोन आसने ‘तान्ह्या मुलासह असणाऱ्या व्यक्तीसाठी’ अशी राखली, तर स्त्री-पुरुष हा भेद न करता प्रश्नाचा काही भाग सुटेल.

महिलांच्या डब्याची स्वतःची एक रीत आहे, तिचा उल्लेख येथे करणे अवश्य आहे. बसलेल्या प्रवासिनीला कुठे उतरणार हे विचारून तिची जागा आधीच सांगून ठेवण्याची पद्धत तेथे आहे, आणि तीन जणींच्या बाकावर चौथीने टेकावयाचे हाही अलिखित नियमच आहे. या सगळ्या काटेकोर व्यवहारात बाळ घेऊन आलेल्या बाईला मात्र बहुधा रांग मोडून जागा मिळते, किंवा तिचे बाळ तरी बसलेल्या एखादीच्या मांडीवर विसावते. हे सौजन्य मोठे आहे. परंतु सौजन्याचा लाभ डब्यात शिरल्यानंतरचा. बहुतेक स्थानकांवर गाडी अर्ध्या मिनिटाहून कमी थांबते आणि अडचण येते ती त्या अर्ध्या मिनिटात.

गाडी आणि फलाट यांतील अंतर हा धोक्याचा दुसरा भाग. २०१४ सालच्या एका गंभीर अपघातानंतर हा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि उपनगरी फलाटांची उंची ९०० मिलिमीटरपर्यंत वाढविण्याचे काम हाती घेण्यात आले. २५ डिसेंबर २०१७ पासून पश्चिम रेल्वेवर धावू लागलेल्या वातानुकूलित गाड्यांची दारे आपोआप बंद होतात. बाळासह प्रवासाच्या दृष्टीने गारव्यापेक्षा बंद दाराचे महत्त्व अधिक आहे. मेट्रोत तर फलाट आणि डब्याची जमीन एका पातळीवर असते व स्थानकात उद्वाहक असतो. मुंबईत २०१४, नागपुरात २०१९ आणि पुण्यात २०२२ पासून मेट्रो धावत आहे. ज्या शहरांत ती पोहोचली तेथे बाळगाडीसुद्धा ढकलत नेता येते.

बसचे पुढचे दार

मुंबईत बसगाडी १५ जुलै १९२६ रोजी प्रथम धावली. बेस्टच्या गाड्यांत वृद्ध, दिव्यांग, गर्भवती आणि कडेवर मूल असलेल्या स्त्रिया यांना पुढच्या दाराने चढण्याची मुभा आहे. ही मुभा फार मोलाची आहे, कारण मागच्या दाराशी होणारी रेटारेटी तिच्यामुळे टळते. तिचा उपयोग मात्र एका गोष्टीवर अवलंबून असतो: गाडी थांब्याला लागून उभी राहिली पाहिजे. रस्त्याच्या कडेला वाहने उभी असली की बस दुसऱ्या ओळीत थांबते. मग आईला पदपथावरून रस्त्यावर उतरावे लागते आणि रस्त्यावरून उंच पायरी चढावी लागते. बसथांब्यापुढे वाहने उभी राहू न देणे ही वाहतूक पोलिसांची आणि नगरपालिकेची नित्याची जबाबदारी आहे. तिचा संबंध तान्ह्या मुलांच्या सुरक्षिततेशी आहे, हे सहसा कोणी जोडून पाहत नाही.

चालकाने करावयाची गोष्ट एकच आहे. बाळ घेतलेली व्यक्ती बसेपर्यंत, निदान तिने आधार धरेपर्यंत, गाडी हलवू नये. वाहकाने घंटी देण्यापूर्वी तेवढे पाहिले पाहिजे. प्रशिक्षण वर्गांत हे एक वाक्य सांगावयास वेळ लागत नाही.

पाळणाघर कोठे असावे

नोकरी करणाऱ्या आईचा प्रश्न निराळा आहे, आणि तो येथे थोडा विस्ताराने पाहिला पाहिजे. प्रसूतीच्या काळात कामकरी स्त्रीला संरक्षण देणारा कायदा भारतात प्रथम मुंबई इलाख्यात, १९२९ साली झाला. त्याच्या आदल्या वर्षी मुंबई कायदे मंडळात या विधेयकाला पाठिंबा देणाऱ्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कारखाने अधिनियमाने ठरावीक संख्येहून अधिक स्त्रिया काम करीत असतील तेथे पाळणाघर आवश्यक ठरविले. १९७६ च्या दुरुस्तीने ही संख्या ५० वरून ३० वर आणली गेली. गिरणगावाच्या दृष्टीने ही तरतूद उत्तम होती. चाळ आणि गिरणी यांत काही मिनिटांचे अंतर असे. आईने बाळाला दुपट्यात गुंडाळून पाळणाघरात ठेवावे आणि सुटीत येऊन पाजावे, हे सहज घडू शके.

२०१७ साली प्रसूती लाभ कायद्यात दुरुस्ती होऊन पहिल्या दोन अपत्यांसाठीची रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली, आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय आवश्यक ठरली. आईला तेथे दिवसातून चार वेळा जाऊन येण्याचा हक्कही मिळाला. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही पन्नासाची ही मर्यादा आहे. ही प्रगती निःसंशय मोठी आहे. परंतु कायद्याने मनात धरलेले चित्र अजून गिरणगावाचे आहे. कचेरी नरिमन पॉइंटला आणि घर विरारला, अशी आजची स्थिती. विरार ते चर्चगेट हे अंतर सुमारे साठ किलोमीटर आहे. पाळणाघर कचेरीत उघडले तर सहा महिन्यांच्या बाळाला ऐन गर्दीत रोज एकशे वीस किलोमीटरचा प्रवास घडणार. अशी आई पाळणाघर असूनही त्याचा लाभ घेत नाही, आणि मग “मागणीच नाही” असा शेरा फाइलवर पडतो.

जेथे कर्मचारी आसपास राहतात अशा लहान गावांत आणि औद्योगिक वसाहतींत कामाच्या ठिकाणचे पाळणाघर योग्यच आहे. महानगरात मात्र ते घराजवळ किंवा निघण्याच्या स्थानकाजवळ असणे अधिक उपयोगी ठरेल. अनेक आस्थापनांनी मिळून वसई, डोंबिवली, बदलापूर अशा ठिकाणी सामायिक पाळणाघर चालविले आणि त्याच्या खर्चात आपापला वाटा उचलला, तर बाळाचा प्रवास पायी दहा मिनिटांवर येईल. त्यात एक उणीव राहते. दिवसातून चार वेळा बाळाला भेटण्याचा हक्क अशा वेळी कागदावरच राहील, आणि अंगावरचे दूध काढून ठेवण्यासाठी कचेरीत स्वच्छ खोली व शीतपेटी लागेल. दोन्ही बाजूंचा विचार करता सहा महिन्यांनंतरच्या, वरचा आहार सुरू झालेल्या बाळासाठी घराजवळचे पाळणाघरच अधिक हितावह दिसते.

हिरकणीचे नाव, खोलीचे कुलूप

रायगडावर दूध विकण्यास आलेली हिरकणी कोजागिरीच्या संध्याकाळी गडाचे दरवाजे बंद झाल्याने अडकली आणि घरी असलेल्या तान्ह्या बाळाच्या ओढीने अवघड कडा उतरून गेली, ही आख्यायिका महाराष्ट्रातील प्रत्येक शाळकरी मुलाला ठाऊक आहे. शिवाजी महाराजांनी तिचा गौरव केला आणि त्या कड्यावर बुरूज बांधविला, असे सांगतात. या कथेकडे आणखी एका दृष्टीने पाहता येते. दरवाजे बंद करणाऱ्या पहारेकऱ्यांचा त्यात दोष नव्हता. त्यांनी नियम पाळला होता. फक्त त्या नियमात तान्ह्या मुलाची आई धरलेली नव्हती.

एस.टी. स्थानके आणि शासकीय कार्यालये यांत बाळाला पाजण्यासाठी ज्या खोल्या राखण्यात आल्या, त्यांना ‘हिरकणी कक्ष’ हे नाव देण्यात आले आहे. नाव अतिशय समर्पक आहे. कक्षांची स्थिती मात्र सर्वत्र सारखी नाही. कोठे खोली चांगली असते पण तिला कुलूप असते आणि किल्ली नियंत्रकाकडे मागावी लागते. कोठे आत जुन्या टायरी, फलक, मोडकी बाके ठेवलेली असतात. परपुरुषाकडे किल्ली मागून, चौघांदेखत ती खोली उघडून पाजावयास बसणे बहुतेक स्त्रियांना प्रशस्त वाटत नाही. त्या एखाद्या खांबाआड पाठ करून बसतात. कक्षाला बाहेरून कुलूप नको, आतून कडी हवी. पाठ टेकता येईल अशी खुर्ची, पंखा, दिवा, हात धुण्याची सोय आणि दुरून वाचता येईल असा फलक एवढे असले की पुरे. भिंतीवरील चित्रे नंतर काढता येतील.

तामिळनाडूत २०१५ साली बसस्थानकांत अशा खोल्या मोठ्या प्रमाणावर उघडण्यात आल्या. केंद्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्यांना यासंबंधी सूचना दिल्या, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक इमारतींत अशी सोय करण्यासाठी राज्यांनी पावले उचलावीत असे सांगितले. नव्या इमारतींच्या आराखड्यातच ही खोली दाखविण्याची गरज आहे. पंचायत समितीची किंवा तहसील कार्यालयाची इमारत मंजुरीस येते तेव्हा वाहनतळ कोठे, हे विचारले जाते. त्याच वेळी हेही विचारता येईल.

निघण्यापूर्वी

सोयी होतील तेव्हा होतील. तोपर्यंत काही साध्या गोष्टी आशा कार्यकर्ती, परिचारिका किंवा शिक्षिका मातांना सांगू शकतात.

हात मोकळा ठेवणे ही पहिली गोष्ट. बांधकामावर किंवा शेतात काम करणाऱ्या स्त्रिया लुगड्याच्या झोळीत मूल पाठीशी किंवा पोटाशी बांधतात, त्यामागील तत्त्व हेच. शहरात आज त्याच झोळीची महागडी रूपे दुकानांतून मिळतात. मऊ सुती कापडही तेच काम करते. गर्दीत बाळ पाठीशी नव्हे तर पोटाशी बांधावे, त्याचे तोंड सतत दिसत राहिले पाहिजे, आणि त्याची हनुवटी छातीला टेकलेली नसावी. हनुवटीखाली बोट मावेल इतकी जागा असली म्हणजे श्वास मोकळा राहतो. उन्हापासून वा वाऱ्यापासून जपण्यासाठी कुंचीने डोके व कान झाकावेत, परंतु दुपटे तोंडावर ओढू नये. पिशवी एकच असावी आणि ती खांद्याला अडकविता यावी. तिकीट किंवा पास आधी काढून ठेवावा. मोबाईलवर काढला तर रांगही टळते.

गाडी निवडताना जलद गाडीचा मोह टाळलेला बरा. त्याच स्थानकातून सुटणारी धीमी गाडी वीस मिनिटे उशिरा पोहोचेल, पण बसावयास जागा मिळेल. धावत्या गाडीत चढू-उतरू नये हे सांगावयास नकोच. आलेल्या गाडीत फार दाटी असेल तर ती सोडून द्यावी. पाठोपाठ दुसरी असते. दाराजवळ उभे राहू नये. खिडकीशी बसल्यास बाळाचे डोके व हात आत असावेत. बसमध्ये सर्वांत मागील बाकावर हादरे अधिक बसतात, म्हणून मधली जागा पसंत करावी.

सहा महिन्यांपर्यंत बाळाला आईच्या दुधाखेरीज काही द्यावयाचे नसते. उन्हाळ्यातील प्रवासातही पाणी देण्याची जरुरी नाही. आईने मात्र स्वतः पाणी प्यावे. निघण्यापूर्वी पाजून घेतले की एक-दीड तास निभावतो. बाळ रडू लागले तर गाडीतच पाजण्यात संकोच मानण्याचे कारण नाही, आणि इतरांनीही तिकडे टक लावून पाहण्याचे कारण नाही.

नऊ महिन्यांच्या आतील बाळाला गोवराची लस मिळालेली नसते, ही गोष्ट गर्दीच्या संदर्भात महत्त्वाची आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये मुंबईत गोवंडी आणि आसपासच्या भागात गोवराची साथ पसरली होती. हा रोग हवेतून पसरतो. साथीच्या दिवसांत टाळता येण्यासारखा प्रवास टाळावा. दृष्टिपटलाच्या तपासणीसारखा प्रवास मात्र त्या दिवसांतही टाळू नये.

गावातून शहराकडे

हा केवळ शहरवासीयांचा प्रश्न नाही. तालुक्याच्या रुग्णालयातून ‘मुंबईला न्या’ किंवा ‘पुण्याला न्या’ असे सांगितले गेलेले बाळ शहराच्या बसमध्ये येते तेव्हा त्याने एस.टी.चा चार-सहा तासांचा प्रवास आधीच केलेला असतो. १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त महिलांना निम्म्या भाड्याची सवलत मिळू लागल्याने आईच्या खर्चाचा भार हलका झाला. शहरात उतरल्यानंतरची माहिती मात्र तिला कोणी देत नाही. कोणत्या स्थानकावर उतरावे, कोणत्या बाजूच्या जिन्याने बाहेर पडावे, रुग्णालयाचे कोणते दार सकाळी उघडे असते, हे एका कागदावर मराठीत लिहून दिले तर तिची निम्मी धावपळ वाचेल. गावातील शिक्षकाला हे काम अर्ध्या तासाचे आहे.

ग्रामपंचायत सदस्यांनी दोन योजना पक्क्या ध्यानात ठेवल्या पाहिजेत. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम १ जून २०११ रोजी सुरू झाला. त्यानुसार गर्भवती व बाळंतीण स्त्रीप्रमाणे आजारी अर्भकालाही घरापासून शासकीय आरोग्य संस्थेपर्यंत, तेथून वरिष्ठ रुग्णालयात पाठविल्यास तेथपर्यंत, आणि उपचारानंतर परत घरापर्यंत मोफत वाहन मिळते. प्रारंभी ही सवलत तीस दिवसांपर्यंतच्या बाळासाठी होती, ती पुढे एक वर्षापर्यंत वाढविण्यात आली. त्यासाठी १०२ हा क्रमांक आहे. तातडीच्या प्रसंगी १०८. दुसरी योजना राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची. तिचा प्रारंभ २०१३ साली आपल्या पालघर येथून झाला, आणि जन्मतः वळलेले पाऊल व मुदतपूर्व बाळाचा दृष्टिदोष हे दोन्ही तिच्या यादीत आहेत.

जाताना वाहन मिळते आणि येताना मिळत नाही, अशी तक्रार गावोगाव ऐकू येते. बाळंतिणीला रुग्णालयातून दुपारी सुटी मिळते, वाहनाची विचारणा करावयाची कोणाकडे हे माहीत नसते, आणि मग तीन दिवसांच्या बाळाला घेऊन ती बसथांब्यावर येऊन उभी राहते. संदर्भपत्र तयार होत असतानाच परतीच्या वाहनाची मागणी त्यावर नोंदवून घ्यावी, आणि वरिष्ठ रुग्णालयातील संबंधित कर्मचाऱ्याचे नाव व दूरध्वनी क्रमांक आशा कार्यकर्तीने स्वतःजवळ लिहून ठेवावा. ही नोंद झाल्याखेरीज बाळाला शहराकडे रवाना करू नये.